सरहद्दी आखणारा न्यायाधीश : सय्यद फाजल अली

लोहारा तालुक्यातील सास्तूर हे तेरणेच्या खोऱ्यातील गाव. १९४५ साली या गावात विशीत असलेला माणूस निजामाच्या हैदराबाद संस्थानची रयत होता. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर तो भारतातील हैदराबाद राज्याचा नागरिक झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पंधरा वर्षांत त्याची चार राज्ये झाली, आणि त्यासाठी त्याला घराचा उंबरठाही ओलांडावा लागला नाही. गाव जागेवर होते, शेत जागेवर होते, मशीद आणि मारुतीचे देऊळ जागेवर होते. हलली ती नकाशावरची रेषा.

ही रेषा कुठून कुठे जावी, याचा विचार करण्यासाठी स्वतंत्र भारताने जो आयोग नेमला त्याच्या अध्यक्षाचे नाव आजही शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला फाजल अली आयोग पाठ असतो. पण आयोगाच्या नावामागे असलेला माणूस मात्र विस्मरणात गेला. सय्यद फाजल अली कोण होते, कुठून आले, त्यांनी कसा न्याय केला आणि त्यांच्यावर कोण का रागावले, हे फारसे सांगितले जात नाही. रमजान हा कुरआन अवतरल्याचा महिना. कुरआनने ज्या मूल्यांवर वारंवार भर दिला त्यांत अद्ल, म्हणजे न्याय, अग्रभागी आहे. म्हणून या पवित्र महिन्यात एका न्यायाधीशाचे आयुष्य आठवणे उचित ठरेल.

बदलत्या प्रांतांतले बालपण

फाजल अली यांचा जन्म १९ सप्टेंबर १८८६ रोजी बिहारमधील एका जमीनदार घराण्यात झाला. आज आपण सहज बिहारमधील म्हणतो, पण त्या वेळी बिहार नावाचा वेगळा प्रांत नव्हता. तो भाग बंगाल इलाख्यात मोडत असे आणि कारभार कलकत्त्याहून चाले. १९१२ साली बिहार आणि ओरिसा मिळून एक प्रांत झाला, तेव्हा फाजल अली पंचवीस वर्षांचे होते. १९३६ साली ओरिसा वेगळा झाला, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. पुढे राज्यांच्या सीमा तपासण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांनी स्वतःच्या मायभूमीची सीमा दोनदा बदलताना पाहिली होती.

नव्या प्रांताला १९१६ मध्ये पाटण्याचे उच्च न्यायालय मिळाले. फाजल अली यांची वकिली आणि नंतर न्यायाधीशपदाची कारकीर्द तिथेच घडली. १९४३ ते १९४६ या काळात ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला होता. मात्र ते केवळ सरकारी मर्जीतले गृहस्थ नव्हते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या गोदीत नौदलाच्या खलाशांनी बंड पुकारले आणि ते बघता बघता कराचीपर्यंत पसरले. त्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद फाजल अली यांच्याकडे आले. खलाशांना मिळणारे निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांकडून होणारी मानहानी आणि भेदभाव या तक्रारी त्या चौकशीत नोंदल्या गेल्या. त्या आयोगात मेहरचंद महाजन नावाचे आणखी एक न्यायमूर्ती होते. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण सीमांच्या या कहाणीत ते पुन्हा येते.

पाच आठवड्यांची रेषा

१९४७ साल उजाडले. देशाच्या फाळणीची रेषा आखण्याचे काम सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज बॅरिस्टरकडे गेले. ते यापूर्वी कधीही भारतात आलेले नव्हते. ८ जुलैला ते दिल्लीत पोहोचले आणि सुमारे पाच आठवड्यांत पंजाब व बंगाल या दोन प्रांतांच्या मधोमध रेषा ओढून मोकळे झाले. ती १७ ऑगस्टला, स्वातंत्र्याचा दिवस उलटून गेल्यावर जाहीर झाली. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना काय घडले ते सांगण्याची गरज नाही.

राज्यशास्त्र आणि भूगोलाच्या पुस्तकात राष्ट्र आणि राज्य या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत ही लोकांच्या मनातली जाणीव. राज्य म्हणजे ठरावीक भूमी, त्या भूमीवरची सत्ता आणि तिच्या सीमा. फाळणीने धर्म हेच राष्ट्र मानले आणि त्यावरून राज्य कापले. त्यातून जे पाकिस्तान तयार झाले त्याचे दोन तुकडे एकमेकांपासून सुमारे १,६०० किलोमीटर दूर होते, मध्ये सगळा भारत. भूगोलात याला खंडित आकाराचे राज्य म्हणतात. धर्म एक असला तरी भाषा वेगळी होती, आणि २४ वर्षांनी त्या दोन तुकड्यांची दोन राज्ये झाली.

फाजल अली यांनी भारतात राहणे पसंत केले. १९४७ मध्ये ते दिल्लीच्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी त्याच कोर्टाचे सर्वोच्च न्यायालयात रूपांतर झाले, तेव्हा पहिल्या न्यायाधीशांमध्ये ते होते.

एकट्याचा निकाल

सर्वोच्च न्यायालयातील त्यांचा काळ थोडा, पण त्यातला एक खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांना प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायद्याखाली तुरुंगात ठेवले होते. संविधान लागू होऊन चारच महिने झाले होते. संविधानाने दिलेले वेगवेगळे मूलभूत हक्क ही स्वतंत्र दालने आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असा बहुमताचा कल राहिला. फाजल अली यांनी वेगळा निकाल लिहिला. हे हक्क एकमेकांत मिसळलेले आहेत, त्यांच्यामध्ये भिंती घालता येत नाहीत, आणि माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेताना त्याला कारण कळवणे, त्याचे म्हणणे निःपक्षपणे ऐकणे हे कायद्याच्या प्रक्रियेतच अभिप्रेत आहे, असा त्याचा आशय होता.

१९५० मध्ये हा विचार अल्पमतात गेला. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोपालन खटल्यातील बहुमताची वाट सोडली आणि फाजल अली यांनी दाखवलेल्या वाटेने गेले. तोवर त्यांच्या निधनाला बराच काळ लोटला होता. प्रत्येक खटल्यात ते स्वातंत्र्याच्याच बाजूने होते असे मात्र नाही. त्याच वर्षी वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या दोन खटल्यांत त्यांनी बहुमताविरुद्ध सरकारच्या बाजूने मत दिले होते. जे पटले ते एकट्याने का होईना लिहायचे, असा त्यांचा स्वभाव दिसतो.

१९५१ मध्ये मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याला आव्हान देणारा बलसारा खटला आला. त्याचा निकाल फाजल अली यांनी लिहिला. कायद्यातील औषधे व प्रसाधनांसारख्या वस्तूंना लागू होणारी काही कलमे रद्द झाली आणि बाकीचा कायदा कायम राहिला. हा कायदा मुंबई राज्यापुरता होता. सोलापूरला तो लागू होता, सास्तूरला नव्हता, कारण सास्तूर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. सीमारेषा म्हणजे काय, याचे एवढे सोपे उदाहरण दुसरे मिळणार नाही. एका बाजूला गुन्हा असलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला गुन्हा नसते.

दीड लाख अर्ज, एकशे चार गावे

सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर १९५२ मध्ये फाजल अली ओरिसाचे राज्यपाल झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी उपोषणात प्राण सोडले. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य स्थापन झाले आणि देशभरातून भाषावार राज्यांची मागणी उसळली. डिसेंबर १९५३ मध्ये केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. अध्यक्ष फाजल अली. सदस्य हृदयनाथ कुंझरू आणि इतिहासकार व मुत्सद्दी सरदार के. एम. पणिक्कर.

फाळणीला जेमतेम सहा वर्षे झाली होती. धर्माच्या नावावर ओढलेल्या रेषेची जखम ओली असताना देशाच्या अंतर्गत रेषा तपासण्याचे काम एका मुस्लिम न्यायाधीशाकडे दिले गेले, ही घटना आज मागे वळून पाहताना मोठी वाटते. ते काम म्हणजे अमानत होती, आणि अमानतीत खयानत करायची नसते.

रॅडक्लिफ यांना पाच आठवडे मिळाले होते. फाजल अली आयोगाने एकवीस महिने घेतले. त्याच्याकडे १,५२,२५० अर्ज आणि निवेदने आली. आयोगाने १०४ ठिकाणांना भेटी दिल्या, ३८ हजार मैलांहून अधिक प्रवास केला आणि नऊ हजारांहून जास्त लोकांचे म्हणणे ऐकले. गोपालन खटल्यात ज्यांनी म्हणणे ऐकून घेण्याचा आग्रह धरला होता, त्यांनी नकाशाच्या बाबतीतही तीच पद्धत ठेवली. ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सरकारला सादर झाला.

अहवालाचा पाया चार गोष्टींवर होता: देशाची एकता व सुरक्षितता, भाषा व संस्कृतीची एकजिनसीपणा, आर्थिक व प्रशासकीय सोय आणि राष्ट्रीय योजनांची यशस्वी अंमलबजावणी. भाषेला महत्त्व दिले, पण एक भाषा म्हणजे एक राज्य हे सूत्र नाकारले. अ, ब, क अशी राज्यांची प्रतवारी मोडून काढावी, राजप्रमुखपद रद्द करावे, १६ राज्ये आणि केंद्राच्या ताब्यातील तीन प्रदेश असावेत, अशी शिफारस झाली.

स्वतःच्या मुलखाचा प्रश्न आला तेव्हा

या कामात एक क्षण असा आला, की जो फारसा सांगितला जात नाही. बिहार आणि पश्चिम बंगाल, तसेच बिहार आणि ओरिसा यांच्यातील सीमावाद आयोगापुढे होते. फाजल अली यांचे सारे आयुष्य बिहारशी जोडलेले. या वादांच्या तपासात आणि निर्णयात त्यांनी भाग घेतला नाही. ते बाजूला झाले आणि अहवालात तशी नोंद झाली. कुरआनच्या सूरह निसामध्ये श्रद्धावंतांना न्यायावर ठाम उभे राहण्याची आज्ञा आहे, मग तो न्याय स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. आपल्या माणसांच्या बाबतीत मन तराजूसारखे स्थिर राहील याची खात्री कुणालाच देता येत नाही. अशा वेळी तराजू दुसऱ्याच्या हाती देणे हाही न्यायच.

दुसरा प्रसंग हिमाचल प्रदेशचा. हा छोटा डोंगरी प्रदेश पंजाबात विलीन करावा, असे इतर दोन सदस्यांचे मत पडले. अध्यक्षांना ते पटले नाही. डोंगरातल्या मागास जनतेचा आवाज मैदानी भागाच्या मोठ्या राज्यात दबून जाईल, म्हणून हिमाचल सध्या केंद्राच्या देखरेखीखाली वेगळाच ठेवावा, असे त्यांनी स्वतंत्र टिपणात मांडले. अध्यक्षच अल्पमतात गेले होते. पण या बाबतीत सरकारने त्यांच्या टिपणाची दिशा धरली. हिमाचल वेगळा राहिला आणि २५ जानेवारी १९७१ रोजी पूर्ण राज्य झाला. आज तो प्रदेश नकाशावर आहे, त्यात या टिपणाचाही वाटा आहे.

हैदराबादचा आकार

आता पुन्हा आपल्या भागाकडे वळू. निजामाचे हैदराबाद हे सोळा जिल्ह्यांचे संस्थान होते: आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. समुद्रकिनारा कुठेही नाही, आणि १९४७ नंतर चहूबाजूंनी भारत. आपल्या धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, शेजारचा बार्शी तालुका ब्रिटिश मुलखात होता आणि जवळजवळ सर्व बाजूंनी निजामाच्या हद्दीने वेढलेला होता. एका राज्यात दुसऱ्या राज्याचे बेट. बार्शीला बाजाराला जायचे तर करोडगिरीचा नाका लागे, आणि निजामाचा हाली सिक्का पलीकडे चालत नसे. लोक दोन्हीकडे मराठीच बोलत, सोयरीक दोन्हीकडे होई, पण कायदा वेगळा, नाणे वेगळे, दरबारी भाषा वेगळी. निजामाच्या कचेरीत उर्दू चाले.

१९४८ साली या जिल्ह्याने आधी रझाकारांचे अत्याचार सोसले आणि पोलिस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेली हिंसाही. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव नोंदवले. आयोग हैदराबाद राज्याचा विचार करत होता तेव्हा या गोष्टीला सहा-सात वर्षेच झाली होती. राज्य टिकावे की मोडावे, यावर भावना तीव्र होत्या. संमिश्र संस्कृतीचे हे राज्य मोडू नये असे पंडित नेहरूंनाही दीर्घकाळ वाटत होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामाचे नेते मात्र त्याचे भाषावार विभाजन व्हावे म्हणून आग्रही होते.

आयोगाने विभाजनाची बाजू घेतली. पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात जावेत, गुलबर्गा आणि रायचूर कर्नाटकात जावेत, तेलंगणाचे मात्र वेगळे हैदराबाद राज्य राहावे आणि बीदर जिल्हा त्यालाच जोडावा, अशी शिफारस झाली. बीदर जिल्ह्यात तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुकेही होते. अहवाल जसाच्या तसा स्वीकारला असता तर सास्तूरहून निलंग्याला जाताना राज्याची सीमा ओलांडावी लागली असती.

संसदेने केलेल्या कायद्यात तसे झाले नाही. हे तिन्ही तालुके बीदरमधून काढून मुंबई राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. तेलंगणा आंध्रात गेला. त्यासाठी आयोगाने सुचवलेले वेगळे राज्य २ जून २०१४ रोजी, ५९ वर्षांनी अस्तित्वात आले.

मराठी माणसाचा राग

महाराष्ट्रात फाजल अली अहवालाची आठवण कडवट आहे, आणि त्याला कारण आहे. कन्नड, मल्याळम आणि तमिळ भाषकांना आपापले राज्य मिळत असताना मराठी भाषकांना ते नाकारले गेले. मराठवाड्यासह मराठी प्रदेश आणि सौराष्ट्र-कच्छसह गुजरात यांचे द्विभाषिक मुंबई राज्य करावे आणि विदर्भ वेगळा ठेवावा, असे अहवालात होते. बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, कर्नाटकाला सुचवला होता. मुंबई शहराचा व्यापार आणि तिथली संमिश्र वस्ती यांचा विचार आयोगाने केला, पण मुंबईचे गिरणगाव कोणाच्या घामावर उभे आहे, याला हवे तेवढे वजन दिले नाही, अशी मराठी लोकांची भावना झाली.

त्यातून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली तेव्हा गोळीबारात माणसे पडली. चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

या लढ्यात गावोगावी डफ घेऊन उभे राहिलेले शाहीर अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे. ज्या अहवालावर एका मुस्लिम न्यायमूर्तीची सही होती, त्याविरुद्ध मराठी मुलूख जागवणारा पहाडी आवाजही एका मुसलमानाचा होता. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. न्यायाधीशाला देशाचा समतोल दिसत होता, शाहिराला आपल्या माणसांचे दुःख. इतिहासाने या प्रश्नात शाहिराच्या बाजूने कौल दिला, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवे.

रेषेच्या पलीकडे उरलेले

मग फाजल अली यांच्या कामातून आज काय टिकून आहे? राज्यांचा नकाशा बराच बदलला. टिकली ती त्यांच्या अहवालातील एक साधी समज. सीमारेषा कितीही विचारपूर्वक आखली तरी काही माणसे चुकीच्या बाजूला उरणारच. बीदर, भालकी, आळंद भागात मराठी बोलणारे उरले. सोलापूर आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणारे उरले. आणि उर्दू तर अशी भाषा, की नव्या नकाशात तिच्या नावाचा एकही प्रांत नव्हता. मराठवाड्यात कालपर्यंत दरबाराची असलेली ही भाषा एका रात्रीत अल्पसंख्याकांची भाषा झाली.

आयोगाने या माणसांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. राज्यातील सुमारे सत्तर टक्के लोक एक भाषा बोलत असतील तरच ते राज्य एकभाषिक मानावे, तीस टक्क्यांच्या आसपास दुसरी भाषा असेल तर कारभार द्विभाषिक असावा, लहान मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, अशा सूचना त्यात होत्या. याच विचारातून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात दोन कलमे आली. कलम ३५० (क) प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करणे ही राज्यांची जबाबदारी ठरली. कलम ३५० (ख) प्रमाणे त्यावर लक्ष ठेवणारा विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. मराठवाड्यातील उर्दू प्राथमिक शाळेत आज मुले आपल्या भाषेत पाढे म्हणतात, कर्नाटकात बीदरच्या बाजूला मराठी शाळा चालते, तेव्हा त्यामागे या कलमांचा आधार असतो. तो आधार कागदावर किती आणि वर्गात किती, शिक्षक वेळेवर मिळतात का, पुस्तके येतात का, हे प्रश्न अजून संपलेले नाहीत. ते दोन्ही राज्यांना विचारायला हवेत, आणि दोन्ही भाषांसाठी विचारायला हवेत.

बेळगावचा वाद तर अजूनही न्यायालयात आहे. त्यासाठी १९६६ मध्ये जो आयोग नेमला गेला त्याचे प्रमुख मेहरचंद महाजन होते. हेच महाजन नौदल बंडाच्या चौकशीत फाजल अली यांच्यासोबत होते, रॅडक्लिफ यांच्या पंजाब सीमा आयोगावर होते आणि गोपालन खटल्याच्या पीठावरही. एवढे अनुभवी न्यायमूर्ती असूनही त्यांच्या निष्कर्षाने महाराष्ट्राचे समाधान झाले नाही. रेषेचा वाद रेषेने सहसा मिटत नाही.

शेवटचा मुलूख

अहवालानंतर १९५६ मध्ये फाजल अली यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते आसामचे राज्यपाल झाले. तिथे आणखी अवघड सीमा वाट पाहत होती. नागा टेकड्यांत वेगळ्या राष्ट्राची मागणी करणारा सशस्त्र संघर्ष सुरू होता. राष्ट्र आणि राज्य या दोन शब्दांमधले अंतर तिथे पुस्तकात नव्हे, जंगलात मोजले जात होते. १९५७ च्या डिसेंबरात नागा हिल्स-त्युएनसांग प्रदेश वेगळा करण्यात आला आणि राष्ट्रपतींच्या वतीने त्याचा कारभार आसामच्या राज्यपालांकडे सोपवला गेला. संवादाच्या वाटेने निघालेल्या त्या प्रदेशाचे १९६३ मध्ये नागालँड राज्य झाले.

ते पाहायला फाजल अली राहिले नाहीत. २२ ऑगस्ट १९५९ रोजी राज्यपालपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नागा प्रदेशातील मोकोकचुंग येथे एक महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला फाजल अली यांचे नाव देण्यात आले. ते आजही सुरू आहे. बिहारच्या एका मुस्लिम न्यायाधीशाचे नाव बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या डोंगरी गावाने आपल्या पोरांच्या कॉलेजला ठेवले, याहून मोठी पावती कोणती? त्यांचे पुत्र मुर्तझा फाजल अली हेही पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

हद्द आणि शेजार

हद्द, सरहद्द, तालुका, जिल्हा हे आपल्या रोजच्या मराठीतले शब्द अरबी-फारसीतून आले. जिल्हा या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ बाजू किंवा बरगडी. बरगड्या वेगवेगळ्या असतात, पण छाती एकच असते. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा किल्लारी लातूरमध्ये गेली आणि सास्तूर उस्मानाबादमध्ये राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, म्हणजे फाजल अली यांनी अहवाल सादर केल्याला बरोबर ३८ वर्षे होत असताना, जमीन हादरली तेव्हा तिने ही जिल्ह्याची रेषा पाहिली नाही. दोन्ही बाजूंची गावे एकाच वेळी मातीत गेली. मदतीला धावलेल्यांनीही कोणता जिल्हा, कोणती जात, कोणता धर्म हे विचारले नाही.

आजही या भागातील भाविक ख्वाजा बंदेनवाज यांच्या उर्सासाठी गुलबर्ग्याला जातात. पूर्वी तो प्रवास एकाच राज्यातला होता, आता मध्ये कर्नाटकाची कमान लागते. एसटी थोडी थांबते आणि पुढे निघते. सीमा असावी तर अशी, कारभारापुरती. फाजल अली यांच्या आयुष्याचा धडाही असाच काहीसा आहे. रेषा आखण्याआधी सर्वांचे ऐकावे, आपल्या माणसांचा प्रश्न आला तर बाजूला व्हावे, पटले नाही तर एकट्याने का होईना तसे लिहावे आणि रेषा आखून झाल्यावर पलीकडे राहिलेल्यांना विसरू नये. रोजा भुकेची जाणीव करून देतो ती शेजाऱ्याची भूक कळावी म्हणून. तो शेजारी कधी भिंतीपलीकडे असतो, कधी शिवेपलीकडे, कधी राज्याच्या हद्दीपलीकडे. त्याचा हक्क मात्र त्या हद्दीपाशी संपत नाही.